शीर्षक केवळ ठळक करून भागत नाही. अक्षरजुळणीत स्तररचनेला महत्त्व

अंबत्तूर (चेन्नई) : १९६४ मध्ये स्थापन झालेली येथील औद्योगिक वसाहत यंत्रांच्या सुट्या भागांसाठी ओळखली जाते. आता याच परिसरात परदेशी प्रकाशकांच्या पुस्तकांची व संशोधनपत्रिकांची पानेही संगणकावर जुळवली जातात. या कामात शीर्षकांची स्तररचना हा कळीचा भाग असतो.

गणित व भौतिकशास्त्राच्या ग्रंथांसाठी ‘लाटेक’ ही प्रणाली विशेष प्रचलित आहे. डॉनल्ड कनूथ यांच्या १९७८ मधील ‘टेक’ प्रणालीच्या आधारे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ती १९८०च्या दशकात विकसित केली. तीत शीर्षकाचा आकार नव्हे, तर दर्जा सांगावा लागतो. भाग, प्रकरण, विभाग, उपविभाग अशा उतरत्या क्रमाने प्रत्येक स्तरासाठी स्वतंत्र आज्ञा असते. अक्षरांचा आकार, क्रमांक आणि अनुक्रमणिकेतील नोंद प्रणाली स्वतः ठरवते. त्यामुळे तिसरे प्रकरण दुसऱ्या जागी हलवले, तरी सर्व क्रमांक आपोआप बदलतात. शीर्षकांची नोंद आधी एका सहायक फाईलमध्ये होत असल्याने अनुक्रमणिका अचूक येण्यासाठी प्रणाली किमान दोनदा चालवावी लागते.

मधला स्तर गाळल्यास चूक लगेच दिसते. दुसऱ्या प्रकरणात विभाग न देता थेट उपविभाग घातला, तर त्याला ‘२.०.१’ असा क्रमांक मिळतो. तारांकित आज्ञेने दिलेल्या शीर्षकाला मात्र क्रमांक मिळत नाही आणि ते अनुक्रमणिकेतही येत नाही. प्रस्तावनेसारख्या मजकुराची नोंद त्यामुळे वेगळी करावी लागते.

घाईत एखादी ओळ नुसती ठळक केली, तर छापील पानावर फरक जाणवत नाही. दृष्टिहीन वाचकाची मात्र अडचण होते. स्क्रीन रीडर शीर्षकांच्या खुणांवरून एका विभागातून दुसऱ्यात नेतो. खूण नसलेली ठळक ओळ त्याच्या लेखी साधा मजकूरच असते. परिणामी, हवा तो विभाग शोधण्यासाठी पानामागून पान ऐकत बसावे लागते.

भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ असण्याची तरतूद आहे. युरोपीय महासंघातही २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकांना सुलभतेचे नियम लागू झाले आहेत. त्यामुळे शीर्षकाचा योग्य स्तर नोंदवणे हा आता केवळ पानाच्या सजावटीचा प्रश्न राहिलेला नाही.