ईमानाचे वाद (७) : ‘मोमीन आहे, इन्शाअल्लाह!’

मुअतझिला पंथाविषयी लिहायचं वचन दिलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. कारण बेलपाड्याहून एका वाचकांनी असा प्रश्न धाडला आहे की तो बाजूला ठेववेना. त्यांचे दोन मुसलमान शेजारी, एक कोकणी, दुसरे मराठवाड्यातले. बोलता बोलता कोकणी गृहस्थ म्हणाले, “मी मोमीन आहे, इन्शाअल्लाह.” दुसऱ्यांना ते खटकलं. मोमीन म्हणजे ईमान, श्रद्धा असलेला. त्या ईमानाच्या बाबतीत ‘अल्लाहनं इच्छिलं तर’ कसं म्हणायचं? वाचक विचारतात, बरोबर कोण?

हा वाद बाराशे वर्षांहून जुना आहे. मुळाशी दोघांचे वेगळे मजहब, म्हणजे धर्मशास्त्राचे संप्रदाय, आहेत. घाटावरचे बहुतेक सुन्नी हनफी. कोकणी मुसलमान मात्र शाफई. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर हा मजहब किनाऱ्याला लागला. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) शाफईच. अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजाची वेळ दोघांची वेगळी, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं. ईमानाच्या व्याख्येतला फरक सहसा कुणाच्या कानावर येत नाही.

इमाम अबू हनीफांच्या (मृत्यू ७६७) मते ईमान म्हणजे मनानं सत्य मानणं आणि जिभेनं कबूल करणं. आचरण आवश्यक, पण ईमानाच्या व्याख्येत ते येत नाही. म्हणून ईमान घटत नाही, वाढत नाही. असतं किंवा नसतं. तिथं ‘इन्शाअल्लाह’ जोडलं की शंकेचा वास येतो. इमाम शाफईंनी (मृत्यू ८२०) मात्र आचरणही ईमानातच धरलं. ते पुण्यकर्मांनी वाढतं, पापांनी घटतं. ईमानाच्या सत्तरावर शाखा सांगणारी हदीस प्रसिद्ध आहे. सर्वांत खालची शाखा, वाटेतला अडथळा दूर करणं. या सगळ्या आपण पाळल्या, असं छातीठोकपणे कोण म्हणेल? शिवाय अखेरच्या श्वासापर्यंत ईमान टिकेल, याची हमी कुणाजवळ आहे?

शाफई पंडितांचा आणखी एक दाखला मला फार आवडतो. मक्केच्या मशिदीत प्रवेश मिळेल, हे आश्वासन कुराणात (४८:२७) खुद्द अल्लाह देतो आणि तिथंही ‘इन्शाअल्लाह’ येतं. तिथं शंका कुठली?

भांडण मात्र टोकाला गेलं होतं. ‘इन्शाअल्लाह’ म्हणणाऱ्या शाफईंशी सोयरीक करू नये, असंही काही जुन्या हनफी फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, म्हणून ठेवलं. पुढच्या हनफी पंडितांनीच ते खोडून काढलं. चौदाव्या शतकात तफ्ताझानींनी नसफींच्या ‘अकाइद’वर टीका लिहिली. आपल्याकडच्या मदरशांतून ती पिढ्यान् पिढ्या शिकवली जाते. त्यात त्यांनी निकाल दिला, की इथं आशयात खरा मतभेद नाही. मनातल्या मान्यतेपुरतं बोलायचं तर ती आजच पुरी आहे. मोक्ष आणि शेवट यांचा विचार केला तर ते अल्लाहच्या इच्छेवर.

म्हणजे बेलपाड्याचे दोघेही शेजारी आपापल्या इमामांशी प्रामाणिक आहेत. माझा कल कोकणी गृहस्थांकडे आहे, कारण त्यांच्या उत्तरात स्वतःच्या आचरणाचा हिशेब उघडा राहतो. आता राहिले मुअतझिला. मोठं पाप करणारा मोमीन की काफिर, यावर बसऱ्यात त्यांच्या वासिल इब्न अता यांनी तिसरीच जागा शोधली. पुढच्या आठवड्यात ते नक्की.