अर्धी तुटलेली तार

घरांतील एखादें यंत्र साफ बंद पडलें तर माणूस तत्काळ कारागिराकडे धांव घेतो; परंतु तें नुसतें मंदावलें तर वर्षानुवर्षें तसेंच चालवून घेतो. आमच्या धर्माबादच्या घरीं संगणकाच्या तारेचें असेंच झालें.

खालच्या बैठकींतील जुन्या संगणकावर सुमारें ४०० गिगाबाइटांचा ठेवा होता. त्यांत आमच्या कैलासवासी मातोश्रींच्या ओव्यांचीं ध्वनिमुद्रणें होतीं. पुण्याचा पुतण्या त्याची प्रत घेऊन रात्रीच्या गाडीनें जाणार होता. दुपारीं एक वाजतां माडीवर त्याच्या लॅपटॉपास तार लावून त्यानें नक्कल सुरू केली. वेग सेकंदास अवघा ११ मेगाबाइट! म्हणजे दहा तासांचें काम.

आम्हीं जुन्या डिस्कला दोष दिला. पुतण्यानें एक मोठें चित्रण त्याच डिस्कच्या एका कप्प्यांतून दुसऱ्यांत उतरवून पाहिलें. तें तिपटीहून जलद गेलें. "काका, डिस्क निर्दोष आहे. हा ११ चा आंकडाच चोर दाखवितो," तो म्हणाला. तारेचा वेग बिटांत मोजतात, फायलींचा बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिटांस आठांनीं भागिलें तर साडेबारा, आणि वाटखर्च वजा जातां अकरा-बारा उरतात. लॅपटॉपांत जोडणीचा वेग पाहिला, तों तेथें १००० ऐवजीं १०० च होते!

मग त्यानें लॅपटॉप खालीं आणून आंखूड, खात्रीच्या तारेनें स्विचपेटीस जोडला. वेग एकदम ११० वर गेला. तासाभरांत ओव्या त्याच्यापाशीं आल्या, आणि गाडीही चुकली नाहीं.

दोष माडीच्या तारेंत होता, हें आतां उघड झालें. या तारेच्या पोटांत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटांस नारिंगी व हिरवी या दोनच जोड्या पुरतात; १९९९ सालीं ठरलेल्या गिगाबिट पद्धतीस चारही लागतात. आमच्या तपकिरी जोडींतील एक तार तुटली होती. यंत्रें बिचारीं मुकाट्यानें खालच्या वेगावर उतरलीं, आणि आमचें इंटरनेट ५० मेगाबिटांचेंच असल्यानें कोणास कांहीं जाणवलें नाहीं. (स्विचपेटीच जुनी, १०० ची असली तरी हेंच लक्षण दिसतें, म्हणून तीही पाहावी.)

तार तुटली कोठें, तर माडीच्या खिडकींत. बाजारांत मिरचीची आवक वाढली कीं ठसका लागूं नये म्हणून ती खिडकी दडपून लावण्याची आमच्या घरची रीत; तार नेमकी त्या फळीखालून नेलेली! नवी तार भिंतीस छिद्र पाडून नेली. ती शुद्ध तांब्याची घेतली, कारण तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची तार स्वस्त खरी, पण लौकर मोडते. दोन्ही टोकांस रंगांचा क्रम एकच ठेवला: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. खिडकी मात्र घरांतील मंडळी अजून तशीच दडपून लावतात.