जोडलंय, पण नेट येत नाही
घरातलं नेट : लेखांक 11

अलिबागजवळच्या अष्टागरातल्या अनेक घरांत सध्या दोन पिढ्यांचे संगणक शेजारी शेजारी नांदतात. नवा लॅपटॉप वायफायवर चालतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये वायफायचं कार्डच नसतं, पण प्रिंटर त्यालाच जोडलेला आणि वाडीचे वर्षानुवर्षांचे हिशेबही त्यातच. त्याला स्वस्तातलं ब्लूटूथ डाँगल लावलं, की लॅपटॉपचं नेट त्याच्यापर्यंत नेता येतं. खोली एकच हवी, कारण जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ब्लूटूथचा भरवसा धरू नये. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा तर मुळीच नाही. पण एका खोलीत असूनही पुष्कळदा असं होतं, की पेअरिंग पूर्ण होतं, दोन्ही पडद्यांवर ‘कनेक्टेड’ दिसतं, आणि ब्राउजर एकही पान उघडत नाही. आजचा लेख या बिघाडाचा.

पेअरिंगमध्ये दोन यंत्रांची फक्त ओळख पटते. नेट कुणी द्यायचं आणि कुणी घ्यायचं, हे त्यात ठरत नाही. ब्लूटूथच्या नियमावलीत या दोन भूमिका स्वतंत्र आहेत, आणि दोन्ही संगणक ‘घेणारे’ होऊन बसले तर जोडणी शाबूत राहूनही नेट वाहत नाही. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा अडतं ते इथंच. विंडोज 10 असेल तर लॅपटॉपवर सेटिंग्जमधला ‘मोबाइल हॉटस्पॉट’ उघडा आणि वायफायऐवजी ब्लूटूथवरून नेट द्यायचा पर्याय निवडा. मग डेस्कटॉपकडे या. ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’मध्ये लॅपटॉपचं चित्र दिसेल, त्यावर उजवी क्लिक करून ‘कनेक्ट युजिंग’ आणि त्यात ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ निवडा. हे दुसरं पाऊल हमखास राहून जातं.

तरीही नेट आलं नाही, तर लगेच सगळं बंद करून पुन्हा चालू करू नका. तसं केल्यानं एखाद वेळेस नेट येतं, पण दोष कुठं होता ते कळत नाही आणि चार दिवसांनी तो परत येतो. त्याऐवजी डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा आणि ब्लूटूथच्या नावाखालचा पत्ता वाचा. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर डेस्कटॉपनं पत्ता मागितला, कुणीच दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला, असा त्याचा अर्थ. म्हणजे दोष नेट देणाऱ्या बाजूला आहे. लॅपटॉपवरचा हॉटस्पॉट बंद करून पुन्हा सुरू करा आणि डेस्कटॉप नव्यानं जोडा. पत्ता 192.168.137 ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपनं तो दिलेला आहे आणि भूमिकांची भानगड मिटलेली आहे.

आता ‘पिंग’ करून 8.8.8.8 या पत्त्याला हाक मारा. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर. उत्तर आलं, पण संकेतस्थळ नावानं उघडत नसेल, तर नावाचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी सोय, म्हणजे डीएनएस, तेवढी बिघडलीय. ब्लूटूथ जोडणीच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून हाच 8.8.8.8 हातानं भरा. उत्तरच आलं नाही, तर लॅपटॉपवर स्वतःचं नेट चालतंय का ते पाहा, आणि त्यावर ऑफिसचं व्हीपीएन सुरू असेल तर ते बंद करून पाहा. व्हीपीएन चालू असताना लॅपटॉपला नेट असतं, पण पुढे वाटलं जात नाही, असं वारंवार घडतं.

नेट येतं पण अडखळत येतं, ही तक्रार वेगळी. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, सेकंदाला 1600 वेळा वाहिनी बदलतं, आणि त्याच पट्ट्यात वायफाय आणि मायक्रोवेव्हही असतात. अशा गोंगाटाचा अलिबागशी जुना संबंध आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड झालं, म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं गेलं; ट्राम प्रत्यक्षात धावली 1907 मध्ये. दोन्हीकडे 1904 ते 1906 एकाच वेळी नोंदी घेऊन ताडून पाहिल्या गेल्या. गोंगाट थांबवता येत नसेल, तर उपकरण त्याच्यापासून दूर न्यायचं, हा वेधशाळेचा निर्णय होता आणि घरातही तोच कामी येतो.

लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात. लॅपटॉप 2.4 वर नेट घेत असेल आणि ब्लूटूथवरून तेच देत असेल, तर दोघांना आळीपाळीनं थांबावं लागतं. लॅपटॉप केबलनं किंवा 5 गिगाहर्ट्झवर राऊटरला जोडा. फरक लगेच जाणवतो. डाँगल यूएसबी 3 च्या हार्ड डिस्कला खेटून असेल तर तेही हलवा. यूएसबी 3 मुळे याच पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनं 2012 मध्येच मोजून दाखवलं होतं. हातभर लांबीची एक्स्टेंशन वायर पुरते. आणि आपल्याकडची खारी हवा विसरू नका. डाँगलचं तोंड काळवंडलं असेल, तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून, पूर्ण वाळवून मग लावा.

एवढं करूनही वेगाची मर्यादा राहतेच. या जोडणीत हातात जास्तीत जास्त सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपास पडतात, घरात फायबर कितीही वेगाचं असो. सातबारा काढायला, ईमेलला, वीजबिल भरायला ते पुरेसं आहे. एक जीबीची फाइल उतरवायला मात्र तासाहून जास्त लागेल, म्हणून डेस्कटॉपवर मोठं काही आपोआप उतरू देऊ नका. नाहीतर विंडोजचे अपडेट सगळं गिळून टाकतील.

हाच मार्ग मोबाइलवरून नेट घेतानाही आहे, आणि किनाऱ्यावर त्याचं मोल जास्त आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि नंतर कित्येक गावं अनेक दिवस विजेविना राहिली. टॉवर चालू असेल पण घरात वीज नसेल, अशा वेळी फोनचा वायफाय हॉटस्पॉट बॅटरी भराभर खातो. ब्लूटूथ टेदरिंग त्यामानानं बरंच कमी. वर सांगितलेल्या तपासण्या तिथंही लागू पडतात, फक्त पत्त्याचे आकडे वेगळे दिसतील. पावसाळ्याआधी एकदा घरातला फोन आणि लॅपटॉप असे जोडून पाहा, पेअरिंग तेव्हाच करून ठेवा.

पुढच्या आठवड्यात : राऊटरला इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस कसा जोडावा.