डिझेल गाडीची काजळी-गाळणी

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत ‘भारत स्टेज सहा’ हे नियम लागू झाले. तेव्हांपासूनच्या बहुतेक डिझेल मोटारींत व पिकअप गाड्यांत धुराच्या नळीवर एक गाळणी असते. ती काजळीचे सूक्ष्म कण अडविते. सांचलेली काजळी जळाली तरच गाळणी मोकळी होते, आणि तें गाडीच्या चालीवर अवलंबून आहे.

माल भरून मोठ्या रस्त्यानें एकसारख्या चालणाऱ्या गाडीचा धूर चांगला तापतो, व काजळी आपोआप जळत राहते. परंतु घरापासून मळ्यापर्यंतच्या तोकड्या फेऱ्यांत, अथवा गाडी उभी असतां इंजिन चालू ठेवल्यास, धूर पुरेसा तापत नाहीं. काजळी फार सांचली म्हणजे इंजिन जादा डिझेल सोडून गाळणी सुमारें ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितें. हें काम चालू असतां इंजिन वारंवार बंद केल्यास तें अर्धवट राहतें, व कित्येक इंजिनांत डिझेल ऑइलांत उतरून ऑइल पातळ होतें.

म्हणून शेतकरी बंधूंनीं किरकोळ कामें एकाच फेरींत उरकावीं. गाळणीचा दिवा लागतांच गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें मोकळ्या रस्त्यावर ती एकसारख्या वेगानें चालवावी. त्या वेळीं वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी मुळींच उभी करूं नये. आग लागण्याचें भय असतें. ऑइलाची राख जळत नाहीं, ती गाळणींतच राहते; यास्तव कमी राखेचें, पुस्तिकेंत सांगितलेलें ऑइलच घालावें. एवढी दक्षता घेतल्यास महागडी गाळणी अकालीं बदलण्याचा खर्च बहुधा टळेल.