बाळ बोलायला कसे शिकते?

तुमच्या घरी किंवा शेजारी वर्ष-दीड वर्षाचे मूल आहे काय? असल्यास एखाद्या रविवारी तासभर त्याच्याजवळ बसा आणि मोठी माणसे त्याच्याशी कशी बोलतात ते वहीत उतरवून घ्या. बाळ काय बोलते ते नंतर पाहू. ‘मम्मं हवं?’, ‘भुर्र जायचं?’, ‘भूभू आला बघ’, ‘बाऊ झाला का रे?’, ‘आता गाई गाई कर’. एरवी गंभीर असणारे आजोबाही बाळापुढे आले की आवाज चढवतात, शब्द लांबवतात आणि ‘र’चा ‘ल’ करून टाकतात.

हा नुसता लाडाचा प्रकार आहे असे समजू नका. भाषाशास्त्रज्ञ डॉ. अशोक केळकर यांनी मराठीतील या बाळबोलीचा अभ्यास करून १९६४ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेतील चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बाळबोलींची तुलना प्रसिद्ध केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची, गिल्याक आणि आपली मराठी या त्या सहा भाषा. परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या या भाषांत साम्य मात्र पुष्कळ आढळले. ओठांनी काढायचे सोपे ध्वनी, एकच अक्षर दोनदा म्हणणे, आणि खाणे, झोप, प्राणी, नातीगोती यांच्यासाठी खास शब्द, हे सगळीकडे दिसते.

आता थोडे पदार्थविज्ञान. घशातील स्वरतंतू कंप पावतात आणि घसा व तोंड यांच्या पोकळीत त्या ध्वनीचे अनुस्पंदन होते. ही पोकळी म्हणजे एका टोकाशी बंद असलेली नळीच. अशा नळीची मूळ वारंवारता ध्वनीच्या वेगाला नळीच्या लांबीच्या चौपटीने भागून मिळते. प्रौढ पुरुषात ही लांबी सुमारे १७ सेंमी असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर उत्तर ५०० हर्ट्‌झ येते. नवजात बाळाची नळी जेमतेम ८ सेंमी असते. तिचे उत्तर काढून पाहा: १०६० हर्ट्‌झच्या आसपास.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बाबांनी उच्चारलेला ‘अ’ जसाच्या तसा काढणे बाळाला शक्यच नाही; त्याची नळीच तेवढी लांब नाही. पोपट ऐकलेल्या ध्वनीची नक्कल करतो, असे आपण म्हणतो. बाळाला त्याहून अवघड काम करावे लागते. आईचा ‘अ’, बाबांचा ‘अ’ आणि आपला ‘अ’ यांतील वारंवारता निराळ्या असूनही ‘हे एकच’ असे त्याला ओळखावे लागते. माझ्या मते शाळेतील कोणत्याही परीक्षेपेक्षा हे गणित कठीण आहे, आणि ते मूल पहिल्या वर्षातच सोडवू लागते.

आवाज चढवण्याचा येथे उपयोग होतो. सर्वसाधारण बोलण्यात स्त्रीच्या आवाजाची वारंवारता २०० हर्ट्‌झच्या जवळपास असते. बाळाशी बोलताना ती सहज ३०० च्या वर जाते आणि खाली-वर झोके घेते. असा आवाज बाळाचे लक्ष चटकन वेधून घेतो.

कान तर तोंडाच्या पुष्कळ आधी कामाला लागलेले असतात. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक आपल्याला सहज कळतो. इंग्रज माणसाला तो ऐकून ओळखणे जड जाते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली हिंदीतील असेच ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजीभाषक घरांतील बाळांना ऐकवले. ध्वनी बदलला की मान वळवणाऱ्या बाळाला हलणारे खेळणे दिसे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो कळला. घरात जो भेद कानी पडत नाही, तो ओळखण्याची शक्ती वर्षभरातच मंदावते.

मग ध्वनिफीत लावून ठेवली किंवा मोबाइल हातात दिला तर? २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर प्रत्यक्ष माणूस बसून बोलला, खेळला. काहींना तेच बोलणे पडद्यावर दाखवले, काहींना केवळ ऐकवले. बारा बैठकींनंतर पहिल्या गटातील बाळे चिनी ध्वनींतील भेद ओळखू लागली. बाकीच्यांनी काहीच मिळवले नाही.

पडद्यात काय उणे असते? पडदा उत्तर देत नाही. मायकेल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी, तेही २००३ मध्येच, काही मातांना सांगितले की बाळाने आवाज काढताच हसा, जवळ या, त्याला स्पर्श करा. दुसऱ्या गटातील मातांनी हेच सारे केले, पण बाळाच्या आवाजाशी त्याचा मेळ नव्हता. पहिल्या गटातील बाळांचे ‘आ-आ’ थोड्याच वेळात ‘बा-बा’सारख्या अक्षरांकडे झुकले. तेव्हा बाळ ‘अग्गू’ म्हणाले की ‘हो का? मग काय झालं?’ असे विचारणारी आजी वेळ वाया घालवत नसते.

व्याकरण तर कोणी शिकवतच नाही. ‘ती बघ चिऊ आली’, ‘तो बघ काऊ आला’, ‘ते बघ पाखरू आलं’. या तीन वाक्यांत मराठीची तिन्ही लिंगे आली, प्रत्येक दोनदा! मूल त्यातून नियम काढते, आणि याचा पुरावा त्याच्या चुकांत सापडतो. ‘बसलं’, ‘उठलं’, ‘पडलं’ ऐकून ते एके दिवशी ‘मी करलं’ म्हणते. घरात सगळे ‘केलं’ म्हणत असतील, तर हे ‘करलं’ आले कोठून? ते त्याने स्वतः घडवले. रागावू नका. ‘हो, तू केलंस!’ एवढे उत्तर पुरे.

आपल्या नागपुरात आणखी एक प्रश्न उभा राहतो. आजी वऱ्हाडीत ‘डोया’ म्हणते, शाळेत जाणारी ताई ‘डोळा’ म्हणते, शेजारी हिंदी बोलतात, काही घरांत गोंडी असते. मुलाचा गोंधळ होईल म्हणून आजीला ‘शुद्ध बोल’ असे बजावणारे आईबाप मी पाहिले आहेत. आजी मग बोलणेच कमी करते, आणि नुकसान होते ते तिथे. मुले दोन-तीन भाषा एकदम शिकू शकतात. कोण कोणत्या भाषेत बोलते हेही ती ओळखतात.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ असे म्हणून वर्षे घालवली जातात आणि मग कळते की मुलाला ऐकूच येत नव्हते. जन्मतः बहिरे असलेले बाळही पहिले काही महिने हुंकारते, त्यामुळे फसगत होते. यावर एक सुंदर चाचणी आहे. १९७८ साली लंडनचे डेव्हिड केम्प यांनी दाखवले की निरोगी कान ध्वनी ऐकतो तसाच अतिक्षीण ध्वनी बाहेरही टाकतो. कानात बारीक टिकटिक सोडायची आणि सूक्ष्म मायक्रोफोनने तो परतीचा ध्वनी टिपायचा. झोपलेल्या, दोन दिवसांच्या बाळाचीही ही तपासणी होते. ध्वनी परत आला नाही तर पुढच्या तपासण्या करतात. दोष ठरून सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू झाला, तर भाषेची वाढ पुष्कळच चांगली होते.

आणि ज्या बाळांचे आईवडीलच बहिरे असून खुणांच्या भाषेत बोलतात, त्यांचे काय? अशा बहिऱ्या बाळांचे निरीक्षण लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. इतर बाळे ‘बा-बा-बा’ करतात त्या वयात ही बाळे हातांनी तेच करत होती: अर्थ नसलेल्या, पण खुणांच्या भाषेतल्या अक्षरांसारख्या हालचाली, पुन्हा पुन्हा.