जुने वीजसंच, नवे वीजसंच : भार कोणाच्या खांद्यावर?



मोटारीचे सुटे भाग आणायचे असोत नाहीतर कचेरीचे काम असो, आपल्यापैकी पुष्कळजण छत्रपती संभाजीनगरला गेले की क्रांती चौकात येतातच. याच चौकातल्या काळ्या चबुतऱ्यावर 1857 च्या क्रांतिवीरांना देहदंड दिला गेला. आजही मोर्चे आणि धरणे इथेच होतात. शेतकरी येतो तो दिवसा वीज मागायला. कारखानदार म्हणतो, विजेचा दर परवडत नाही. दोघांची तक्रार वेगळी दिसते, पण दोघांची तार एकाच जागी जोडलेली आहे. ती कशी, हे सभासदांनी समजून घेतले पाहिजे.

चौकातून जालना रोडने पूर्वेला गेले की चिकलठाणा, पुढे शेंद्रा. पश्चिमेला नगर रस्त्यावर वाळूज, तिथे 1985 पासून बजाजचा कारखाना आहे. पैठणच्या वाटेवर बिडकीन. या वसाहतींना रात्रंदिवस वीज लागते. मराठवाड्यातले मोठे औष्णिक केंद्र म्हणजे परळी वैजनाथ. तिथली हकीकत पाहिली की जुन्या संचांचा प्रश्न लगेच ध्यानात येतो.

परळीला 1971 साली 30 मेगावॅटचे दोन लहान संच सुरू झाले. पुढे 1980, 1985 आणि 1987 साली 210 मेगावॅटचे तीन संच आले. हे पाचही आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी 2007, 2010 आणि 2016 साली आलेले 250 मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण 750 मेगावॅट. नागपूरजवळ कोराडीलाही जुन्या संचांच्या जागी 660 मेगावॅटचे तीन मोठे संच बसवले गेले.

चालता संच बंद करायचा कशाला, असे कोणीही विचारील. जुन्या ट्रॅक्टरचे उदाहरण घ्या. हप्ते केव्हाच फिटलेले असतात, पण डिझेल फार पितो आणि ऐन पेरणीत बंद पडतो. नवा ट्रॅक्टर डिझेल कमी खातो, पण बँकेचा हप्ता डोक्यावर बसतो. वीजसंचाचे तसेच आहे. एक युनिट विजेला जुना संच साधारण 2,700 किलोकॅलरी उष्णता घेत असेल, तर नवा मोठा संच 2,200 च्या आसपास घेतो. कोळशाच्या एका किलोत 3,500 किलोकॅलरी धरल्या, तर जुन्याला पाऊण किलोहून थोडा जास्त कोळसा लागतो आणि नव्याला सुमारे 630 ग्रॅम. परळीला कोळसा दुरून रेल्वेने येतो. म्हणजे जाळायचा जास्त आणि भाडेही जास्त. वीज घेताना स्वस्त संच आधी आणि महाग संच नंतर चालवायचा, असा नियम आहे. त्यामुळे महाग संच बरेचदा नुसता उभा राहतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. 2013 च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा 2015 च्या जुलैत पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. केंद्र सरकारने 2015 साली जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. त्या हिशेबाने 750 मेगावॅटचे केंद्र पूर्ण भाराने चालले, तर तासाला सव्वीस लाख लिटरवर पाणी लागेल. गोदावरीच्या याच पाण्यावर आपला ऊस आहे, शहर आहे आणि वाळूजही आहे.

आता पैशाचा हिशेब. वीज खर्चाचे दोन भाग असतात. एक स्थिर : कर्जाचे व्याज, पगार, देखभाल. दुसरा बदलता : मुख्यतः कोळसा. गाळप बंद असले तरी आपल्या कारखान्याचे व्याज आणि पगार थांबत नाहीत, तसाच हा स्थिर खर्च. नवा संच आला की हा भाग वाढतो आणि वर्षानुवर्षे दरातून वसूल होतो. त्यातला मोठा वाटा उद्योगांकडून येतो, कारण उद्योगाचा दर खर्चापेक्षा वर आणि शेतीपंपाचा दर खर्चापेक्षा खाली ठेवलेला असतो.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. शंभर युनिटांचा खर्च 800 रुपये, त्यात 400 स्थिर आणि 400 बदलता. उद्योग 50 युनिट दहा रुपयांनी घेतो, ते झाले 500. शेती 50 युनिट सहा रुपयांनी घेते, ते 300. हिशेब जमला. आता उद्योगाने 20 युनिट स्वतःच्या सौर प्रकल्पातून घेतले. खर्च झाला 400 अधिक 320, म्हणजे 720. जमा मात्र 300 आणि 300, म्हणजे 600. 120 रुपयांचा खड्डा पडला! तो दर वाढवून भरायचा, नाहीतर शासनाने भरायचा. दर वाढला की आणखी उद्योग बाहेर पडतात आणि खड्डा रुंदावतो.

उद्योगाला बाहेर पडायची वाट कायद्यानेच दिली आहे. 2003 च्या वीज कायद्याने एक मेगावॅटवरच्या ग्राहकाला बाहेरून वीज घेण्याची मुभा मिळाली. हरित विजेसाठी 2022 च्या नियमांनी ही मर्यादा 100 किलोवॅटवर आणली. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. महाग वाटले तर आपणही दुसऱ्या दुकानात जातोच.

कोणी म्हणेल, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे बिल 2024 पासून पाच वर्षांसाठी शासन भरते, मग आपल्याला काय त्याचे? बंधूंनो, बिल शून्य आले म्हणजे वीज फुकट तयार झाली असे नव्हे. ते पैसे तिजोरीतून जातात. खड्डा वाढला की तिजोरीवरचा भार वाढतो, आणि त्याची झळ रोहित्र दुरुस्तीला, नव्या वाहिनीला आणि शेवटी आपल्यालाच बसते.

यात साखर कारखान्याची जागा कुठली? आपला धंदा दोन्हीकडचा आहे. हंगाम नसताना कारखाना उद्योग म्हणून वीज घेतो. सहवीज प्रकल्प असलेला कारखाना हंगामात वीज विकतो. एक टन उसातून पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघते. जुने कमी दाबाचे बॉयलर ते सारे स्वतःच खात. 67, 87 किंवा 110 किलो दाबाच्या बॉयलरवर तेवढ्याच बगॅसमधून विकायला वीज उरते. शिवाय गाळपाचे महिने आणि रब्बीला पाणी द्यायचे महिने एकच. पंपांना वीज हवी असते तेव्हाच ही वीज तयार होते, जवळच्याच उपकेंद्रात जाते, आणि कोळशाची गाडी लागत नाही.

पण फुशारकी नको. गाळप संपले की ही वीज जवळजवळ संपते. सौर वीज स्वस्त आहे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा पुरवठा होऊ लागला आहे, पण सूर्य मावळला की तीही थांबते. म्हणून रात्रीसाठी भरवशाचा संच हवाच. जुना संच मोडताना त्याच्या जागी काय येणार, ते आधी ठरले पाहिजे. सहवीजेचा दर सौर विजेशी ताडून पाडला, तर कर्ज काढून बसवलेल्या बॉयलरचे हप्ते शेवटी उसाच्या पैशातूनच जातील. सौर वीज दुपारची असते. आपली रात्रीही चालू असते. या फरकाचे मोल मिळाले पाहिजे.

वीज नियामक आयोग दर ठरवण्याआधी जनसुनावणी घेतो. उद्योजक तिथे आकडे घेऊन जातात. आपण क्रांती चौकात घोषणा देतो आणि संध्याकाळच्या एसटीने परततो. घोषणा जरूर द्याव्यात, पण सुनावणीतही बसावे. तिथे तीन प्रश्न विचारावेत : कोणता जुना संच कधी बंद होणार? नव्याचा स्थिर खर्च किती वर्षे कोणाकडून घेणार? त्याला पाणी कुठले देणार? येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी हा विषय जरूर काढावा.