कागद लिहिणारे फ्रँक

आमच्या जवळा बाजारात वरात निघाली की बँडवाले ‘अमर अकबर अँथनी’तलं, अंड्यातून बाहेर येणाऱ्या अँथनीचं गाणं धरतातच. खरे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याच्या चालीवर गुरूचं नाव 1977 मध्ये घरोघर गेलं. गोव्याच्याच दुसऱ्या वादकाच्या, फ्रँक फर्नांड यांच्या, वाट्याला असं गाणं आलं नाही.

फ्रँक कुडचड्याचे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांत पोरांना पाच रेघांची स्वरलिपी शिकवत. त्या बळावर गोव्याची कितीतरी पोरं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायला आली. फ्रँक व्हायोलिनही वाजवत आणि ट्रंपेटही. रूडी कॉटन, म्हणजे मूळचे कावसजी खटाव, यांच्या बँडमध्येही ते होते. पुढे दारूबंदीनं क्लबांची रया गेली आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले.

तिथं त्यांचं काम अरेंजरचं. अनिल विश्वास, किशोरकुमार अशांसाठी त्यांनी ते केलं. मला सगळ्यात नवल वाटतं ते याच कामाचं. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणणार, अरेंजर ती ऐकता ऐकता टिंबांत उतरवणार. मग वाटणी: पहिली व्हायोलिनं वर, दुसरी त्यांना छेद देणारी, चेलो खाली. प्रत्येक वादकाचा कागद वेगळा. आधी सगळा ताफा गायकाच्या मागोमाग तीच चाल वाजवायचा. आता गळा एका वाटेनं जाई, व्हायोलिनं दुसऱ्या. स्वरावरून स्वरावर घसरणारी मींड मात्र पाच रेघांत मावत नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा स्वर लिहायचा, मधलं वादकाच्या बोटांवर सोडायचं.

पडद्यावर अशांचं नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून. फ्रँक यांनी आपलं नाव दुसरीकडे कमावलं: कोंकणीत ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) हे चित्रपट काढले. टेनिसनच्या ‘इनॉक आर्डन’ या कवितेवरचा ‘निर्मोण’ पुढे हिंदीत ‘तकदीर’ झाला.

हिंदीतलं श्रेय मात्र शोधायचं कुठं? रेकॉर्डिंग झालं की कागदांना कोण विचारतो! अमुक गाण्यातला व्हायोलिनचा तुकडा कुणाच्या डोक्यातून निघाला, हे आज छातीठोक सांगायची सोय उरलेली नाही. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर रुळला, वीस-वीस व्हायोलिनांची बिदागी वाचली आणि हे कागद लिहिणारे हात रिकामे झाले. 2012 च्या कायदादुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. फ्रँक 2007 मध्येच गेले होते. असते तरी त्या यादीत अरेंजर वेगळा नाहीच.